डबल बास आणि क्लिपचा छोटा माइक : पिकअपशिवाय भागतं का?

मंद्रसप्तक :

डबल बासचा (व्हायोलिनच्या कुळातलं, उभं धरून वाजवायचं खर्जाचं मोठं वाद्य) आवाज वाढवायचा म्हटलं की आधी घोडीला (तारा पेलणारा लाकडी तुकडा) पिएझो पिकअप (कंपनांचा विजेचा संकेत करणारा सेन्सर) लावायचा आणि माइक जमलाच तर, असा क्रम ठरून गेला आहे. माझ्या मते तो उलटा हवा. मंच बेताच्या आवाजाचा असेल, म्हणजे गिटार, पियानो, गायन आणि फार तर ब्रशवर वाजणारा ड्रम, तर तारांना अडकवायचा छोटा कंडेन्सर माइक एकटा पुरतो आणि पिकअपपेक्षा खरा आवाज देतो.

पिएझो फक्त घोडीपाशी जे घडतं ते टिपतो. आपण ज्याला बासचा आवाज म्हणतो तो तबली (वाद्याची पुढची फळी), पाठ आणि एफ-होलमधून (तबलीतली f आकाराची भोकं) ये-जा करणारी हवा यांचा मिळून होतो. बासच्या चार तारा खालून वर ‘ई’, ‘ए’, ‘डी’, ‘जी’. मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झला वाजते, पण वाद्याच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा अनुनाद साधारण ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याखाली वाद्य हवेत फारसं काही सोडत नाही. मोकळी ई आपण ऐकतो ती मुख्यतः ८२, १२४, १६५ हर्ट्झच्या स्वरांशांवरून (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांवरून). मूळ स्वर कान भरून काढतो. घोडीत मात्र ४१ हर्ट्झ भरपूर असतो. पिकअप तो तसाच स्पीकरकडे पाठवतो आणि वाद्याने कधी बाहेर न टाकलेला खर्ज सभागृहभर घोंगावत राहतो. मग लोक म्हणतात की बास ‘ऐकू येतो पण कळत नाही’.

बसवायचा कसा : क्लिप घोडी आणि टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी) यांच्यामधल्या तारांवर, शक्यतो ए आणि डी या मधल्या जोडीवर. माइकची लवचीक दांडी ‘जी’ तारेच्या बाजूला वळवून माइकचं तोंड घोडीचा पाय आणि एफ-होल यांच्यामधल्या जागेकडे करा, तबलीपासून ५ ते ८ सेंटिमीटरवर. एफ-होलच्या तोंडात माइक रोखू नका. तिथे हवेच्या अनुनादाचा भर इतका असतो की दोनतीन स्वर फुगतात आणि बाकीचे मागे राहतात. माइकला मिक्सरकडून मिळणारी वीज, म्हणजे फँटम, ४८ व्होल्ट. सर्वांत जोरात छेडलेल्या स्वराला मीटर उणे १२ डीबीएफएसपर्यंत (डिजिटल कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली) जाईल इतकाच गेन (संकेताची वाढ). हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) ३५ ते ४० हर्ट्झवर. खोकी वाजल्यासारखा आवाज आला तर २०० ते ३०० हर्ट्झमध्ये ३ डेसिबल कमी करा. त्याहून जास्त कापावंसं वाटलं तर आधी माइक दोन सेंटिमीटर सरकवून पाहा.

फेडरवर_बोट :

पिकअपच्या आवाजाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. ‘माइक एकटा पुरतो’ हे मात्र मान्य नाही. ब्रश जाऊन काड्या आल्या की हे गणित मोडतं.

माइक जवळ नेला की वाद्य वाढतं आणि बाकीचं मागे पडतं, अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात, हा नियम बिंदूएवढ्या उगमाला लागू होतो. बासची तबली बिंदू नाही, ती माइकपेक्षा कित्येक पट रुंद आहे. ६ सेंटिमीटरवरून ३ वर गेलात तरी ६ डेसिबल मिळत नाहीत. मिळतो तो त्या छोट्या तुकड्याचा आवाज, आणि दिशादर्शी माइक असल्यामुळे खर्जाचा फुगवटाही. दीड मीटरवरचा स्नेअर मात्र आहे तेवढाच येतो. बासचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर नेला की त्याबरोबर झांजाही वर जातात.

दुसरं म्हणजे फीडबॅक, स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून उठणारा घूं. हा माइक तबलीकडे बघतो, म्हणजे त्याचं तोंड वादकाच्या मागच्या दिशेला असतं. वादकाच्या मागे अँप ठेवणं सगळ्यांत वाईट. वाद्याचं शरीर वरचा आवाज अडवतं, पण १०० हर्ट्झची लहर ३.४ मीटर लांब असते, ती वाद्याला वळसा घालून पोचते. वेज (वादकासाठी जमिनीवर ठेवलेला स्पीकर) नेमका समोर ठेवला तरी पूर्ण सुटका नाही, कारण असा माइक बहुधा सुपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) असतो आणि त्याला पाठीमागे थोडं ऐकू येतं. त्याचा खरा बहिरा कोन तोंडापासून साधारण १२६ अंशांवर असतो. म्हणून वेज समोरच्या रेषेपासून ५०-५५ अंश बाजूला हवा.

आणि हे सगळं केलं तरी तबली स्वतःच एक मोठा पडदा आहे. स्पीकर तिला हलवतो आणि माइक ते हलणं ऐकतो. माइकचा बहिरा कोन तिथे काही करू शकत नाही. पिकअपलाही हा धोका आहे, पण गेन कितीतरी वर नेईपर्यंत तो तग धरतो.

म्हणून मोठ्या मंचावर माझी मांडणी अशी : २०० हर्ट्झच्या खाली पिकअप, वर माइक. दोन्ही फिल्टर लिंकविट्झ-रायली (आवाज दोन भागांत वाटणाऱ्या फिल्टरचा एक प्रकार), २४ डेसिबल प्रति सप्तक. पाया पिकअपचा, बोटांचा आणि लाकडाचा आवाज माइकचा.

रंधा_पटाशी :

दोघांनीही बसवण्याचा भाग घाईत उरकला, म्हणून मध्ये बोलतो.

घोडीवर काहीही चिमटवू नका. घोडीवर वजन आलं की ते म्यूटचं (आवाज दबवणाऱ्या चिमट्याचं) काम करतं, वरचा आवाज मंदावतो. घोडीखालच्या तारांवर वजन टाकलेलं त्या मानाने परवडतं, पण तेही निरुपद्रवी नाही. वुल्फ (एखादा स्वर थरथरण्याचा दोष) घालवण्याची नळी नेमकी तिथेच लावतात, हे विसरू नका. क्लिप एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर नेली तर वुल्फचा स्वर सरकू शकतो. बसवल्यावर जी तारेवर आणि डी तारेवर अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढत जा. एखादा स्वर थरथरला किंवा घशात अडकला तर क्लिप सेंटिमीटरभर खाली-वर करा.

माइकमधून येणारी ‘टकटक’ बहुतेक वेळा वायरची असते. वायर टेलपीसला वेल्क्रोच्या पट्टीने बांधा, पट्टी आणि माइक यांच्यामध्ये सैल वळसा ठेवा, म्हणजे वायरला हिसका बसला तरी दांडी हलणार नाही. दांडी तबलीला टेकता कामा नये. खालून एण्डपिनमधून (वाद्य जमिनीवर टेकवणारी खालची दांडी) येणारा धबधब वेगळा. पोकळ लाकडी मंचावर पावलं आणि किक ड्रम थेट वाद्यात शिरतात. एण्डपिनच्या रबरी टोपीखाली जाड रबराचा किंवा फोमचा तुकडा ठेवा.

पिकअपवाल्यांनाही एक सांगणं आहे. घोडीच्या पंखाच्या फटीत बसणारा पिकअप फार घट्ट बसला तर कर्कश होतो, सैल बसला तर खालचा आवाज जातो आणि वाजवताना गळून पडतो. फट कानशीने वाढवायची तर कारागिराकडूनच वाढवून घ्या, घासलेलं लाकूड परत येत नाही.

मंद्रसप्तक :

@फेडरवर_बोट, तबली बिंदू नाही हा मुद्दा पटला. जवळ, आणखी जवळ नेत राहण्यात अर्थ नाही, आणि माझे ५ ते ८ सेंटिमीटर त्याच कारणासाठी आहेत. काड्यांवर वाजणारा जोरकस ड्रम शेजारी असेल तर माइक एकटा पुरत नाही, हेही मान्य. २०० हर्ट्झवरच्या कापणीला मात्र विरोध आहे.

मोकळी जी तार ९८ हर्ट्झ. सप्तकभर वर गेलात की १९६, म्हणजे बरोबर तुमच्या कापणीवर. त्याखालच्या प्रत्येक स्वराचा पाया एका यंत्राचा आणि अंग दुसऱ्याचं, आणि त्यावर गेलात की अख्खा स्वर माइकचा. चालता बास वर चढत जातो तसा त्याचा रंग जोडावर बदलतो. त्यापेक्षा माइक पूर्ण ठेवा, पिकअप १२० हर्ट्झच्या वर हळू उतारावर, ६ डेसिबल प्रति सप्तक, आणि माइकच्या बराच खाली मिसळा.

शिवाय पिकअपला शिव्या पडतात त्यातल्या निम्म्या चुकीच्या इनपुटमुळे. १ नॅनोफॅरड क्षमतेचा पिएझो १ मेगाओहमच्या इनपुटला जोडला तर १५९ हर्ट्झलाच तो ३ डेसिबल खाली आलेला असतो. १० मेगाओहमला तीच सीमा १६ हर्ट्झवर जाते. आणि मिक्सरच्या ५० किलोओहमच्या सॉकेटात सरळ खुपसला तर ती ३.२ किलोहर्ट्झवर येते, मग उरतो फक्त तारेचा खडखडाट. पिकअप वापरायचाच तर आधी बफर प्रीअँप (पिकअप आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायचा, मोठ्या इनपुट ओहमचा छोटा अँप) घ्या, बाकीचं नंतर.

फेडरवर_बोट :

इनपुटच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. रंग बदलतो हेही ऐकू येतं. पण तुमचा हळू उतार म्हणजे ८० ते ३०० हर्ट्झ दोन्हीकडून येणार, आणि तिथे फेजची गडबड झाली (दोन्ही लहरी एकमेकींच्या पुढेमागे पडल्या) की अख्खा बास पोकळ होतो. दोन्ही वायरवर असतील तर चिंता कमी. तबली ते माइक १० सेंटिमीटर धरले तरी उशीर ०.३ मिलिसेकंद, १०० हर्ट्झला जेमतेम १० अंश. तेव्हा फक्त पोलॅरिटी (लहरीची उलटसुलट दिशा) बघायची : मोकळी ए आणि डी वाजवत एका चॅनलची पोलॅरिटी उलटा, भरीव वाजेल ती ठेवा. माइक डिजिटल वायरलेसवर आणि पिकअप वायरवर असेल तेव्हा मात्र सांभाळा. वायरलेसचा उशीर ३ मिलिसेकंद असेल तर १६७ हर्ट्झला दोघं बरोबर उलटे होतात, आणि पोलॅरिटी फिरवली की खड्डा दुसरीकडे जातो, भरत नाही. पिकअपच्या चॅनलवर तेवढाच ३ मिलिसेकंद डिले टाकणं हाच उपाय.

गजाचा_माणूस :

गजाने वाजवणाऱ्यांचा विचार कुणी केला नाही. गजाखाली बहुतेक पिएझो खरवडतात, २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये वाळू ओतल्यासारखा आवाज येतो. तिथे माइक आणि पिकअप यांची तुलनाच होत नाही. पण दांडीची जागा बदला. गज घोडी आणि फिंगरबोर्ड यांच्यामध्ये फिरतो आणि ई तारेवर उतरला की त्याचं टोक जी तारेच्या बाजूला बरंच बाहेर जातं. माइकचं डोकं घोडीच्या रेषेच्या वर आलं तर गज त्याला लागणारच. डोकं घोडीच्या पायाच्या पातळीवर किंवा त्याखाली ठेवा. बसवून झाल्यावर चारही तारांवर गज मुठीपासून टोकापर्यंत एकदा सावकाश ओढून पाहा, मगच वायर बांधा.

फेडरवर_बोट :

तरी फीडबॅकचं उत्तर मिळालेलं नाही. माझी पद्धत : गेन हळूहळू वाढवत जा, पहिला घूं आला की तो स्वर शोधा, क्यू (कापणीचा अरुंदपणा) ८ ते १० ठेवून ४ ते ६ डेसिबलचा नॉच, म्हणजे फक्त तेवढाच स्वर कापणारा फिल्टर. मग दुसरा, मग तिसरा. चौथा लागला की त्या मंचावर माइकचा हट्ट सोडायचा, खालची बाजू पिकअपकडे द्यायची.

मंद्रसप्तक :

तीनची मर्यादा मान्य. पण ही तपासणी वाद्य स्टँडवर ठेवून होते, तिथे चूक होते. वादक आपल्या जागी, वाद्य अंगाला टेकलेलं, असंच तपासा. अंगाच्या आधाराने पाठीचं हलणं बदलतं.

आणि नॉच लावण्याआधी तारांवर हात ठेवा. घूं थांबला तर तार बोलत होती, बहुधा ५५, ७३ किंवा ९८ हर्ट्झ. तिथे नॉच लावलात तर मोकळ्या तारेचा स्वरच मारून टाकाल. अशा वेळी न वाजणाऱ्या तारा डाव्या हाताने दाबून धरायच्या, किंवा माइकची पोलॅरिटी उलटवून पाहायची. हात ठेवूनही घूं चालूच राहिला तर ते पोट बोलतंय. मग एफ-होलमध्ये मऊ फोमचे बोळे घाला आणि फरक पडला नाही तरच नॉच.

रंधा_पटाशी :

बोळ्यांना दोरा बांधून टोक बाहेर ठेवा, आत पडले तर काढताना साउंडपोस्टला (तबली आणि पाठ यांच्यामध्ये आत उभी असलेली काठी) धक्का लागतो. आणि फोम मऊच हवा. कडक तुकडा दाबून बसवला तर एफ-होलची कड चिरते, विशेषतः वरच्या-खालच्या टोकांच्या बारीक जागी.