सॅक्सन आल्यावर मूळचे ब्रिटन लोक गेले कुठे?

काठावरचा :
इ.स. ४१० च्या सुमारास रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली, समुद्रापलीकडच्या उत्तर युरोपातून सॅक्सन आले आणि पुढच्या दोन शतकांत बेटाच्या पूर्व व दक्षिण भागांत मूळच्या ब्रिटन लोकांच्या केल्टिक भाषेची जागा सॅक्सनांच्या जुन्या इंग्रजीने घेतली. सहाव्या शतकातला भिक्षू गिल्डास कत्तली आणि पळापळीचे वर्णन करतो, आणि ७३१ मध्ये आपला इतिहास पूर्ण करणारा इंग्रज भिक्षू बीड बराचसा त्याच्याच आधाराने लिहितो. माझ्या मते बहुसंख्य ब्रिटन लोक कुठेही गेले नाहीत. नव्या धन्यांची भाषा उचलून काही पिढ्यांत तेच स्वतःला सॅक्सन म्हणवू लागले. वेसेक्स या सॅक्सन राज्याच्या राजवंशाचा मूळपुरुष मानला जाणारा सर्डिक, त्याचे नावच मुळी केल्टिक वळणाचे आहे.

नांगरट :
एका राजाच्या नावावर एवढा इमला उभा राहत नाही. राजघराण्यांत सोयरिकी होतच असतात. मराठी मुलखावर फारसी दरबाराचा शतकानुशतके अंमल होता, ‘अर्ज’ आणि ‘जमीन’ आपल्याकडे रुजले, तरी घरातली आणि शेतातली भाषा मराठीच राहिली. जुन्या इंग्रजीत मात्र केल्टिक शब्द अगदी मोजके सापडतात. नांगर धरणारे हात तेच असते, तर निदान शेतातले शब्द तरी उरले असते. शिवाय २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात पूर्व व दक्षिण इंग्लंडमधल्या त्या काळच्या सांगाड्यांत सरासरी सुमारे ७६ टक्के वंशांश समुद्रापलीकडच्या उत्तर युरोपातला निघाला.

काठावरचा :
आकडा मान्य आहे, आणि मूठभर सरदारच आले होते हा माझा जुना समज त्याने मोडला, हेही कबूल करतो. परंतु गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या मुलखात, रोमनांनी लोकसंख्या न बदलताही लॅटिनने स्थानिक भाषा गिळलीच. केंब्रिजजवळच्या ओकिंग्टन येथे ज्या मोजक्या सांगाड्यांचा जनुकीय तपास झाला, त्यांत मोठ्या क्रूसाकृती ब्रूचसह पुरलेली सर्वांत संपन्न व्यक्ती स्थानिक वंशाची निघाली, तर बाहेरून आलेल्यांपैकी एकाच्या कबरीत काहीच नव्हते.

पानाआड :
वेसेक्सचा राजा इने याचे सातव्या शतकाच्या अखेरचे कायदे दोघांनीही पाहावेत. पाच हाइड (जमिनीचे तेव्हाचे माप) जमीन बाळगणाऱ्या वेल्श, म्हणजे ब्रिटन, माणसाचे रक्तमूल्य, म्हणजे त्याला मारल्यास द्यावी लागणारी भरपाई, सहाशे शिलिंग, आणि सॅक्सन सरदाराचे बाराशे. म्हणजे ब्रिटन लोक जमिनीसकट तिथेच होते, पण मेल्यावर त्यांची किंमत निम्मी होती. अशा राज्यात मुलाला कोणती भाषा शिकवावी, हे बापाला सांगावे लागत नसेल.

नांगरट :
हे शेजार नव्हे, दास्य झाले. ‘वेल्श’ या शब्दाच्या मुळाशी ‘परका’ हा अर्थ आहे आणि पुढे त्याच मूळ शब्दाला ‘गुलाम’ असाही अर्थ चिकटला. आणि एव्हन नदीचे काय? केल्टिकमध्ये त्या शब्दाचा अर्थ नुसताच ‘नदी’, आणि सॅक्सनांनी तेच नाव समजून घेतले. इंग्लंडात या नावाच्या एकाहून अधिक नद्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदलेल्यांना एवढेही कळू नये?

काठावरचा :
अर्थ कळला नसेल; पण विचारल्यावर ‘नदी’ असे आपल्या भाषेत सांगणारा कोणीतरी त्या काठावर जिवंत होता, एवढे तरी मान्य करा.