मोकळ्यावर चांगल्या चरणाऱ्या कोंबड्या: कोणती जात घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नवीन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्यायच्या आहेत आणि जातीवर गाडी अडली आहे. जागा भरपूर आहे. झाडं, झुडपं, गवत, खाली पाचोळ्याचा जाड थर. सकाळी सोडायच्या, अंधार पडायच्या आत खुराड्यात घ्यायच्या. दिवसभर त्यांनी किडे, वाळवी, गवताचं बी, कोवळा पाला शोधून खावा, एवढीच अपेक्षा. नुसत्या चरण्यावर अंडी मिळत नाहीत हे माहीत आहे, दाणा देणारच आहे.

सध्याच्या कोंबड्या ब्रॉयलरच्या वळणाच्या, जड अंगाच्या. दार उघडं असलं तरी खाद्याच्या भांड्याभोवतीच बसून राहतात. तिथली जमीन पार बोडकी झाली आणि पलीकडचं गवत जसंच्या तसं उभं आहे.

वाचून, विचारून चार नावं काढली आहेत. लेगहॉर्न चपळ, दिवसभर फिरणारी, नीट खाद्य मिळालं तर वर्षाला २५० च्या वर अंडी. पण पांढरा रंग घारीला लांबून दिसतो आणि ती खुडूक (अंडी उबवायला) जवळजवळ बसतच नाही. इजिप्तची फायोमी मला सगळ्यात आवडली आहे. जेमतेम दीड-पावणेदोन किलोची, काटक, रोगाला सहज बळी न पडणारी. अंडं मात्र लहान, आणि ती झाडावर मुक्काम ठोकते म्हणतात. मधल्या वजनात ऱ्होड आयलंड रेड आणि ऑस्ट्रलॉर्प. पायावर पिसं असलेल्या ब्रह्मा, कोचीन चिखलामुळे आधीच सोडून दिल्या.

चरणारी, सावध आणि अधूनमधून खुडूक बसणारी, असं एकाच जातीत मिळतं का? की मिसळ कळप करावा? आणि फायोमीला रात्री खुराड्यात यायची सवय लागते का? अनुभवींनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

तिन्ही गुण एकाच जातीत शोधू नका. मिसळ कळपच करा. चरण्यासाठी फायोमी आणि अंड्यांसाठी ऱ्होड आयलंड रेड ठेवा. पिल्लं काढायला दोन-चार गावरान कोंबड्या असू द्या, त्या मनापासून खुडूक बसतात.

जातीइतकंच तिचं वाणही बघा. ऱ्होड आयलंड रेडच्याच नावाखाली पिंजऱ्यात अंडी देण्यासाठी निवडत आणलेली वाणं मिळतात आणि मोकळ्यावर वाढलेलीही. घेताना आईबाप कसे वाढले ते विचारा. शक्य असेल तर पिल्लं कोंबडीखालीच वाढवा. कुठे उकरायचं, घार दिसली की कुठल्या झुडपात शिरायचं, हे ती आईच्या मागे फिरून शिकतात. ब्रूडरमधली, म्हणजे आईविना कृत्रिम उबेत वाढवलेली पिल्लंही शिकतात, पण उशिरा.

फायोमीला सवय लागते. नव्या जागी पहिला आठवडाभर खुराड्यातच कोंडून ठेवा, मग दुपारनंतर थोडा वेळ सोडा. मुख्य दाणा संध्याकाळी आतच टाका, म्हणजे आपणहून येतील. फारच उडत असतील तर एकाच पंखाची लांब पिसं कातरा, तोल जातो आणि कुंपण ओलांडता येत नाही. पण घारीचा त्रास असेल तर कातरू नका, उडणं हाच त्यांचा बचाव.

दाणा टाकण्याआधी दोन-तीन कोंबड्यांच्या गळ्याखालची अन्नपिशवी चाचपून बघत जा. भरलेली लागली तर चरणं नीट चालू आहे, रिकामी लागली तर दाणा वाढवा. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण १००-१२० ग्रॅम खाद्य लागतं आणि कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवावा लागतो.

तुमच्याकडे घारी जास्त की मुंगूस? त्यावरून रंग आणि कुंपण, दोन्ही ठरवता येईल.