झिजलेला फेअरवे ड्रायव्हर उजवीकडे का झुकतो?

प्रश्न : वडोदऱ्यात आम्ही काहीजण डिस्क गोल्फ, म्हणजे चकती फेकून टोपलीत पाडण्याचा खेळ, खेळतो. माझी टीबर्ड ही फेअरवे ड्रायव्हर प्रकारची (नियंत्रित लांब फेकीची) डिस्क डीएक्स या साध्या, लवकर झिजणाऱ्या प्लॅस्टिकची आहे. नवी असताना ती सरळ जाऊन शेवटी डावीकडे उतरत असे. आता उजव्या हाताच्या त्याच बॅकहँड फेकीत ती उजवीकडे झुकते. ती बदलावी काय?

उत्तर : कृपया टाकून देऊ नका. नव्या टीबर्डचे आकडे वेग ७, ग्लाइड (हवेत तरंगणे) ५, टर्न (वेगात असताना उजवीकडे वळणे) ० आणि फेड (शेवटी डावीकडे उतरणे) २ असे आहेत. झीज मुख्यतः शेवटच्या दोहोंवर दिसते. कडेवरून बोट फिरवा, म्हणजे कडुलिंबाच्या खोडावर नि उन्हाने टणक झालेल्या जमिनीवर आदळून पडलेल्या खाचा व वर आलेले तुसे हाताला लागतील. तुमच्या फेकीत हवेचा उचल देणारा दाब मध्याच्या पुढे असला तर फिरत्या डिस्कचा कल डावीकडे होतो, मागे असला तर उजवीकडे. कडेचा आकार बिघडला की हाच तोल मागे सरकतो.

उत्तर : वरील मताशी सहमत आहे. तुसे बारीक सँडपेपरने काढता येतात, कारण पीडीजीए या डिस्क गोल्फ संघटनेच्या नियमांत ओरखडे गुळगुळीत करण्यापुरते माफक घासणे चालते. समोरून वारा असताना मात्र ही डिस्क वापरूच नये, तेव्हा टर्न आणखी वाढतो. त्यासाठी चँपियन या टिकाऊ प्लॅस्टिकची टीबर्ड घ्यावी, ती फार सावकाश झिजते. जुनी उजव्या वळणाच्या लांब फेकींसाठी ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. दोन्ही डिस्क ठेवतो.