मदत हवी आहे: क्यूबसॅटसाठी हॅम (हौशी रेडिओ) बँडमध्ये फ्रिक्वेन्सी मागायची आहे, पण आमचा उपग्रह 'हौशी' ठरेल का?

नमस्कार मंडळी,

मुंबईच्या उपनगरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही नऊ जण मिळून एक युनिटचा, म्हणजे १० सेंटिमीटरच्या चौकोनी डब्याएवढा क्यूबसॅट करतोय. माझ्याकडे हॅमचा परवाना आहे (रिस्ट्रिक्टेड म्हणजे खालच्या श्रेणीचा, तोही सहाच महिने जुना), म्हणून फ्रिक्वेन्सीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

एवढं समजलंय की हौशी उपग्रहांच्या फ्रिक्वेन्सींचा मेळ आयएआरयू, म्हणजे हौशी रेडिओची जागतिक संघटना घालून देते आणि ते काम स्वयंसेवक करतात. १४५.८ ते १४६ मेगाहर्ट्झ हा अवघा २०० किलोहर्ट्झचा पट्टा, तिथे आधीच गर्दी. म्हणून डाउनलिंक, म्हणजे उपग्रहाकडून जमिनीवर येणारा सिग्नल, ४३५ ते ४३८ मध्ये मागायचा विचार आहे. ४३७ च्या आसपास डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे, एका पासमध्ये (उपग्रह आपल्या आकाशातून जातो तेवढ्या वेळात) फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झ वर आणि तेवढीच खाली सरकते, त्याची तयारी सॉफ्टवेअरमध्ये केली आहे.

घोडं अडलंय ते वेगळीकडेच. एका कंपनीने रेडिओचा बोर्ड फुकट दिलाय. बदल्यात त्यांचा एक सेन्सर वर न्यायचा आणि त्याचा डेटा एन्क्रिप्ट करून फक्त त्यांना द्यायचा. सर म्हणतात, "शैक्षणिक प्रकल्प आहे ना, मग हॅम बँड आपलाच." मला ते पटत नाही, पण परवाना सहा महिन्यांचा, सरांशी वाद काय घालणार!

तर फॉर्म भरताना हे सरळ लिहावं का? आणि आधी आयएआरयू की आधी सरकारी परवानगी?

मोजपट्टीची यागी
सरांना नमस्कार सांगा आणि म्हणावं, बँड विद्यार्थ्यांचा नाही, हौशांचा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत या सेवेची व्याख्याच अशी आहे की स्वतः शिकणं, एकमेकांशी बोलणं आणि तांत्रिक शोध, तेही पैशाचा हेतू न ठेवता. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक केलेलं प्रसारण चालत नाही. सूट आहे ती फक्त जमिनीवरून उपग्रहाला दिल्या जाणाऱ्या आज्ञांना, कारण नाहीतर कोणीही उठून तुमचा उपग्रह बंद करेल. कंपनीचा डेटा त्यात बसत नाही.

लपवू तर अजिबात नका. आयएआरयूत बसलेले लोक आयुष्यभर हेच करत आलेत, ब्लॉक डायग्राम बघूनच ओळखतील. ते विचारणार, "बाकीच्या हॅमना यातून काय मिळणार?" आयआयटी मुंबईचा 'प्रथम' (२०१६, पीएसएलव्ही-सी ३५) आठवा. आयनोस्फिअरमधले (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले) इलेक्ट्रॉन मोजायला इतर कॉलेजांनीही ग्राउंड स्टेशनं उभारायची, अशी त्यांची कल्पना होती. ऐकणाऱ्याला काम मिळालं की उपग्रह त्याचाही होतो.

गच्चीतला अँटेना
दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. आयएआरयूचं पत्र म्हणजे परवाना नव्हे, हे आधी मनावर कोरून घ्या. आयटीयूकडे, म्हणजे जागतिक दूरसंचार संघटनेकडे, कागद जातात ते भारत सरकारमार्फतच, म्हणजे डब्ल्यूपीसी या वायरलेस परवान्यांच्या सरकारी विभागाकडून, आणि उपग्रहाची मंजुरी इन-स्पेस या अंतराळ क्षेत्रातल्या सरकारी संस्थेची. एक संपल्यावर दुसरं अशी वाट बघू नका, सगळीकडे एकदम हात घाला. प्रक्षेपणाची तारीख कोणासाठी थांबत नाही.

आणखी एक, जे सगळे विसरतात. उपग्रहाने दुसऱ्याला त्रास दिला तर तो लगेच गप्प करता आला पाहिजे, आणि आज्ञा देणारं स्टेशन प्रक्षेपणाआधीच उभं हवं. ४३५ ते ४३८ मध्ये आपण पाहुणे आहोत, आपल्यामुळे इतर सेवांना त्रास होता कामा नये. कॉलेजच्या गच्चीवर रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) बसवायची लेखी परवानगी आजच मागा. आमच्या सोसायटीने "वीज पडेल" म्हणून मला दीड वर्ष लटकवलं होतं. शिवाय लिफ्टची मोटर आणि एलईडी दिव्यांची खरखर रेडिओवर एकदा रात्री आणि एकदा दुपारी ऐकून घ्या. मुंबईत तेच जास्त छळतं.

धागाकर्ती
दोघांचे आभार. काल सरांना एन्क्रिप्शनचा नियम छापून दाखवला. दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "कंपनीशी मी बोलतो." कंपनीचं म्हणणं: डेटा सगळ्यांना खुला होणार असेल तर सेन्सर परत पाठवा, बोर्ड राहू द्या.

सेन्सरच्या जागी आता डिजिपीटर टाकतोय, म्हणजे हॅम मंडळींचे संदेश झेलून पुढे पाठवेल. टेलिमेट्रीचा, म्हणजे उपग्रह स्वतःच्या तब्येतीचे जे आकडे पाठवतो त्यांचा, फॉरमॅटही सगळ्यांसाठी जाहीर करणार. गच्चीचा अर्ज दिला आहे, शिपाईकाकांनी किल्ली देण्याआधी विचारलं, "पतंग उडवणार का?"

मोहिमेचं वर्णन लिहून झालं की इथेच टाकते. बिनधास्त झोडपा. ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).