बर्जरला दोनदा दाराबाहेर ठेवलं, ते बरोबरच?

मिलवॉकीवेडा: काल एकाने लिहिलं, "व्हिक्टर बर्जरसारख्या शिक्षा झालेल्या माणसाला १९१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने आत घेतलं नाही, उत्तम केलं." वाचून डोकं तापलं. अहो, बर्जर म्हणजे अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराचा समाजवादी पुढारी, त्याचा गुन्हा काय? आपल्या 'मिलवॉकी लीडर' या पेपरात पहिल्या महायुद्धाविरुद्ध लिहिलं. पेपरची टपाल सवलत काढली, खटला भरला, तरी नोव्हेंबर १९१८ मध्ये लोकांनी निवडून दिलं. मग २० वर्षांची शिक्षा झाली आणि सभागृहाने दार लावलं. डिसेंबर १९१९ च्या पोटनिवडणुकीत मिलवॉकीने पुन्हा त्यालाच पाठवलं. जानेवारीत पुन्हा दार बंद! मतदाराने निवडलेला माणूस नाकारणारे हे कोण?

कोकणकडा: त्याला हुतात्मा करू नका. याच बर्जरने १९०२ मध्ये कृष्णवर्णीयांना खालच्या वंशाचे ठरवलं. १९१० मध्ये समाजवादी पक्षाच्या बैठकीत आशियाई मजुरांना बंदी घाला म्हणणाऱ्यांत हाच होता. म्हणजे तुम्हीआम्ही. न्यू जर्सीत माझा चेहरा पाहून "खोली गेली" म्हणणारा घरमालक मी अनुभवलाय. दुसऱ्या दिवशीही खिडकीत पाटी तशीच होती. मला त्याच्या हक्कांचं प्रेम सांगू नका.

जुनाकागद: खटल्याचं बोला ना. न्यायाधीश लँडिस, पुढे बेसबॉलचा कमिशनर झाला तो. जर्मन वंशाच्या लोकांची मनं बेइमानीने भरलीत असं तो बोलल्याचं प्रतिज्ञापत्र समोर असूनही तोच खुर्चीवर बसला, आणि बर्जर जन्माने ऑस्ट्रियाचा, जर्मनभाषक! आमच्या बांधाच्या वादात निकाल देणारा अधिकारी समोरच्या पार्टीचा साडू होता. बाबा अकरा वर्षं खेटे घालत होते. पक्षपात म्हणजे काय, ते मला विचारा.

पेठकरी: मग दावरांचं काय? १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले दावर १९०८ मध्ये टिळकांच्याच खटल्यात न्यायासनावर होते. जामीन नाकारला, ६ वर्षं मंडाले.

जुनाकागद: दोन्ही एकत्र कालवू नका! वकिली हा पेशा. लँडिसने आरोपीच्या जमातीविरुद्ध तोंड उघडलं होतं.

पेठकरी: सात युरोपीय ज्युरर बसवले, तो पेशाच होता का? शिक्षा देताना दावर जे बोलले ते वाचा आधी, मग मला शिकवा.

कोकणकडा: टिळकांवर घसरलात, बर्जर राहिला बाजूला. जानेवारी १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली ती केवळ लँडिस बसायला नको होता म्हणून. त्याच वर्षी मार्चमध्ये टपालाच्या खटल्यात बर्जरचा पेपर हरला.

मिलवॉकीवेडा: हरला, पण होम्स आणि ब्रँडाइस हे दोन न्यायमूर्ती त्या निकालाच्या विरोधात होते, तेही सांगा की. वंशाबद्दल तो चुकला, घाणेरडं लिहिलं, मानतो. पण १९११ मध्ये साठीपुढच्यांना पेन्शन द्या असं विधेयक त्यानेच आणलं. देशाला तो कायदा करायला १९३५ उजाडलं. माझ्या आजीने शेवटपर्यंत शिलाईमशीन चालवलं, दोरा ओवायला मला हाक मारायची. म्हणून मला तो माणूस सोडवत नाही.

कोकणकडा: आजींना नमस्कार. मतदारांना डावलायला नको होतं, एवढं देतो. १९२२ मध्ये निवडून आल्यावर मुकाट्याने आत घेतलंच ना. बाकी शब्द मागे घेत नाही.