शब्दचर्चा : काऊबॉय बूट, त्याचे भाग आणि तो निवडण्या-घालण्याची भाषा

प्रश्न (ह्यूस्टनहून)

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काऊबॉय बुटांवर लेख लिहिते आहे. मी बऱ्याच वर्षांपासून हे बूट जमवते, त्यामुळे विषय ओळखीचा आहे, पण मराठीत लिहायला बसल्यावर दर दुसऱ्या ओळीला अडते आहे. बुटाच्या नावालाच काय म्हणावं? ‘गुराखी बूट’ लिहिलं तर आई म्हणाली, गुराखी कुठे बूट घालतो? दुसरं म्हणजे बुटाचे भाग. पोटरीभोवतीचा उभा भाग, चवड्यावरचा भाग, वर ओढायच्या पट्ट्या, शिवणीतली बारीक कड, यांना चांभारकामात काही शब्द आहेत का? आणि नवा बूट वापरून वापरून पायासारखा होतो, त्याला आपण काय म्हणतो? इंग्रजी शब्दांची रांग लावून लेख पुरा करता येईल, पण तसा तो करायचा नाही.

पुण्याहून

नाव ‘काऊबॉय बूट’ हेच ठेवा. तुमच्या आईंचा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं कारण जरा खोलात आहे.

आपला गुराखी पायी चालतो. काठी, घोंगडं, शिदोरी, आणि गुरं संध्याकाळी घरी. टेक्सासचा काऊबॉय पगारी घोडेस्वार होता. 1865 साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं. टेक्सासात गुरं उदंड होती, गिऱ्हाईक उत्तरेकडच्या शहरांत होतं आणि मधे रेल्वे नव्हती. 1867 पासून कॅन्ससमधल्या ॲबिलीन गावी गुरं रेल्वेत चढवण्याची सोय झाली आणि टेक्सासहून शेकडो मैल कळप हाकत नेणं सुरू झालं. हे काम करणाऱ्यांना महिन्याला साधारण 30 ते 40 डॉलर मिळत. त्यांत मेक्सिकन होते, गुलामीतून नुकतेच सुटलेले काळे लोक होते, युद्धातून परतलेले गोरे होते. घोडा बहुधा मालकाचा असे, खोगीर मात्र स्वतःचं. मराठी इतिहास वाचणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. काऊबॉय हा गुरांमागचा बारगीर. ‘गुराखी’ म्हटलं की त्याच्याखालचा घोडाच नाहीसा होतो, आणि घोडा गेला की या बुटाच्या घडणीतली एकही गोष्ट समजावता येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी : नावाचा अनुवाद करू नका, त्याऐवजी घोडेस्वारीचे मराठी शब्द भरपूर वापरा. रिकीब, खोगीर, तंग, लगाम, टाच मारणे हे सगळं आपल्याकडे तयार आहे. ‘उंच टाच रिकिबीतून पाय पुढे निसटू देत नाही. तळ गुळगुळीत, त्यामुळे रिकिबीत पाय सहज जातो आणि सहज निघतो. वरचा घेर सैल, म्हणजे स्वार पडला आणि पाय रिकिबीत अडकला तर बूट मागे राहतो आणि माणूस फरफटत जात नाही.’ या तीन वाक्यांत उपरा शब्द शोधावा लागेल.

नागपूरहून

वरच्या उत्तरात एक भर. लेखात ‘टोकदार पुढा रिकिबीत पाय घालायला सोपा जावा म्हणून’ असं सरसकट लिहू नका. सगळीकडे हेच लिहिलेलं असतं. पण कळप हाकण्याच्या काळातले जुने बूट पाहिले तर त्यांचे पुढे बरेचसे गोल किंवा चौकोनी असतात. सुईसारखी टोकं विसाव्या शतकाच्या मध्याला फॅशनमध्ये आली, तेव्हा कळप कधीच रेल्वेने आणि ट्रकने जाऊ लागले होते.

बुटाच्या पूर्वजाचा उल्लेख करणार असाल तर तिथे महाराष्ट्र येतो. काऊबॉय बुटाआधी अमेरिकेत घोडेस्वार जे उंच चामडी बूट घालत त्यांत वेलिंग्टन बूट मोठ्या प्रमाणावर होते. हे नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टनवरून पडलं. तोच आर्थर वेलस्ली 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढला. आपल्याकडे भातखाचरात घालतात तो रबरी गमबूटही त्याच वेलिंग्टनचा वंशज. एकाच घराण्याची एक शाखा चिखलात गेली आणि एक टेक्सासच्या काटेरी झुडपांत.

कोल्हापूरहून

भागांच्या नावांबद्दल सांगतो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वहाणा होतात. बूट आमचा माल नाही, पण चामड्याचं काम ते चामड्याचं काम.

ज्या लाकडी साच्यावर बूट ओढून घडवतात तो फर्मा. जुन्या लोकांच्या तोंडी कालबूतही ऐकू येतं. खाली तळ, मागे टाच. चामडं कापायची आणि तासायची ती रापी, भोक पाडायची ती आरी. बारीक खिळे म्हणजे चुका.

वर ओढायच्या पट्ट्यांना बेधडक ‘कान’ म्हणा. कोल्हापुरीच्या दोन बाजूंना जे पाकळीसारखे तुकडे बाहेर येतात त्यांना आम्ही कानच म्हणतो. मला कुणीतरी सांगितलं की तिकडेही बुटाच्या बाहेर लोंबणाऱ्या लांब पट्ट्यांना खेचराचे कान म्हणतात. मग प्रश्नच मिटला.

पोटरीभोवतीच्या भागाला आमच्याकडे शब्द नाही, कारण आमच्या कामात तो भागच नाही. मी ‘नळी’ म्हणेन. ‘बुटाची नळी बारा इंच’ असं म्हटलं की समोरच्याला कळतं. चवड्यावरच्या तुकड्याला ‘पुढा’. मागे टाचेभोवती जो कडक तुकडा आतून घालतात त्याला साधं ‘टाचेचा आधार’ म्हणा, उगाच नवा शब्द पाडू नका.

शिवणीतून डोकावणारी बारीक कड म्हणजे गोट. हा शिंप्याचा शब्द आहे, पण काम तेच आहे. नळीवर जी नक्षी असते ती यंत्राची असेल तर टिपा म्हणा. हाताने शिवलं ते टाके, यंत्राने मारली ती टीप.

प्रश्नकर्ती (ह्यूस्टनहून)

‘कान’ आणि ‘गोट’ वाचून फार आनंद झाला. खेचराचे कान हे अगदी खरं आहे.

टिपांबद्दल थोडं लिहिते, कारण लोकांना ती निव्वळ सजावट वाटते. मऊ चामड्याची उंच नळी घोट्यापाशी कोसळते. टिपांच्या ओळींनी बाहेरचं चामडं आणि आतलं अस्तर एकजीव होतं आणि नळी उभी राहते. जमवणारे ओळी मोजतात. एका आकृतीभोवती समांतर सहा-आठ ओळी, वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्याच्या, आणि कुठेही दोन ओळींमधलं अंतर बिघडलेलं नाही, अशी नळी हातात आली की ती करणाऱ्याचा हात ओळखू येतो. चामड्यात खिडकी कापून खालून दुसऱ्या रंगाचं चामडं बसवतात ते एक काम, आणि वरून तुकडा ठेवून शिवतात ते दुसरं. पहिलं अवघड. 1940-50 च्या दशकांतले फुलपाखरं, गरुड, पत्त्यांची चिन्हं असलेले बूट असेच केलेले आहेत आणि संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. या दोन कामांना मी ‘खालची जडण’ आणि ‘वरची जडण’ म्हणू का?

जुना बूट घेताना मी आधी उलटा करून तळाची कंबर बघते. टाच आणि चवडा यांच्यामधल्या अरुंद भागात चांगल्या बुटाला लाकडी मेखांच्या ओळी असतात. ओल लागली की चामडं फुगतं, लाकूडही फुगतं. वाळलं की दोन्ही आकसतात. लोखंडी चूक तशी वागत नाही, ती भोक मोठं करते.

कारागिरांचा इतिहासही घालते आहे. एच. जे. जस्टिन यांनी 1879 साली रेड नदीकाठच्या स्पॅनिश फोर्ट गावी, कळपांच्या वाटेवर, बूट करायला सुरुवात केली. 1889 मध्ये रेल्वे आली म्हणून ते नोकोना गावी गेले. त्यांच्यामागे 1925 मध्ये मुलांनी कारखाना फोर्ट वर्थला हलवला, तेव्हा मुलगी ईनिड हट्टाने नोकोनातच राहिली आणि तिने स्वतःची नोकोना बूट कंपनी काढली. माझ्या संग्रहातला सर्वांत लाडका जोड तिच्या कारखान्यातला आहे.

पणजीहून

कारागिरांचा विषय निघाला म्हणून लिहितो. टेक्सासातलं बूटकाम मेक्सिकन हातांवर उभं आहे. एल पासो शहर त्यासाठी प्रसिद्ध, आणि सीमेपलीकडे मेक्सिकोतलं लेओन हे तर चपला-बुटांचंच शहर. या कारागिरांच्या स्पॅनिश भाषेत जोडा म्हणजे ‘सापातो’ आणि तो करणारा ‘सापातेरो’. पोर्तुगीजमध्ये तोच शब्द ‘सापातु’. आपल्या आजोबांच्या सपाता तिथूनच आल्या, गोव्याच्या आणि वसईच्या किनाऱ्यावरून. म्हणजे मराठी घरातली सपाता आणि एल पासोचा सापातेरो एकाच शब्दाची लेकरं आहेत.

मोज्याचंही असंच. फारसीत मोजा म्हणजे उंच बूट. आपल्याकडे येताना तो मऊ झाला आणि बुटाच्या आत गेला. ‘वहाण’ मात्र घरचीच, संस्कृत उपानहपासून.

पुण्याहून

‘जडण’ ठीक वाटतं, पण पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य समजावणीचं द्या.

मला कातड्यांबद्दल विचारायचं आहे. मगरीचे, सरड्याचे बूट म्हणतात, त्यात मराठी नावं किती खरी?

प्रश्नकर्ती (ह्यूस्टनहून)

इथे फार सांभाळावं लागतं. शहामृग सोपा आहे. त्याच्या पाठीच्या चामड्यावर पिसांच्या मुळांचे दाणे उठतात, ते सर्वांत महाग. पायाचं चामडं स्वस्त. अजगरही सरळ. पण ‘मगर’ लिहिताना वाचकाच्या डोळ्यांपुढे आपल्या नदीतली मगर येते. बुटांना वापरतात ते बहुतेक अमेरिकन ॲलिगेटर आणि दक्षिण अमेरिकेतले केमन. ती नावं तशीच ठेवणार. सरड्याचे म्हणून जे बूट मिळतात ते बहुधा दक्षिण अमेरिकेतल्या तेगूचे. कुणी त्याला घोरपड म्हणू नये, घोरपड आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे आणि वाचकाचा भलताच समज होईल. वन्य प्राण्यांच्या व्यापाराचा साइटिस करार 1975 पासून अमलात आहे. असले बूट एका देशातून दुसऱ्या देशात नेताना परवाने लागतात, हेही लेखात घालते. भारतात भेट म्हणून नेणाऱ्यांनी गाईच्या चामड्याचाही विचार करून, घरच्यांना विचारूनच न्यावेत.

कोल्हापूरहून

एक बारीक गोष्ट. प्राण्याच्या अंगावरून निघतं ते कातडं, कमावल्यावर होतं ते चामडं. ‘शहामृगाच्या कातड्याचे बूट’ असं लिहू नका. आणि ‘प्रक्रिया केलेलं चामडं’ हे तर मुळीच नको. कातडं कमावतात. आमच्याकडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात.

ठाण्याहून

नवा बूट वापरून पायासारखा होणं, याला कुणी उत्तर दिलं नाही. मी ‘रुळणे’ सुचवते. माणूस नव्या घरात रुळतो तसा बूट पायात रुळतो.

कोल्हापूरहून

रुळतो माणूस. वहाण पायात बसते. आधी ती चावते, लागते, मग तेल पाजल्यावर नरम पडते, मग बसते. चावणे, नरम पडणे, बसणे या तीन पायऱ्या आहेत आणि तिन्हींना वेगळे शब्द आहेत. ‘रुळणे’ लिहिलंत तरी कळेल, पण दुकानात कुणी म्हणत नाही. दुकानात गिऱ्हाईक विचारतं, ‘चावणार नाही ना?’

प्रश्नकर्ती (ह्यूस्टनहून)

‘बसणे’ घेते, कारण काऊबॉय बुटात ते शब्दशः घडतं. या बुटाला नाडी नसते. पाय धरून ठेवतो तो फक्त पावलाच्या वरच्या उंचवट्यावरचा घट्टपणा. कान धरून ओढलं की पाय त्या अरुंद गळ्यापाशी अडतो, आणखी जोर लावला की ‘टप्’ आवाज करून आत बसतो. अडलाच नाही तर बूट सैल आहे. आवाज आला, पण पावलाची पाठ दुखते आहे, तर आवळ आहे. चवड्याचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या सर्वांत रुंद भागावर यायला हवा, बोटं त्या निमुळत्या टोकात शिरता कामा नयेत. टोक बोटांच्या पुढे सुरू होतं. टाच मात्र सुरुवातीला चालताना पाव ते अर्धा इंच उचलली जाते आणि इथेच नवखे लोक घाबरून लहान नंबर घेतात. तळ अजून वाकायला शिकलेला नसतो म्हणून टाच उचलते. तो वाकायला लागला की टाच जागेवर राहते.

टाचेचे प्रकार दोन वाक्यांत देते : स्वारीची टाच उंच आणि खालच्या बाजूला पुढे तिरकी कापलेली, चालायची टाच ठेंगणी आणि सरळ. दिवसभर फरशीवर उभं राहायचं असेल तर दुसरी घ्यावी.

पँट आत की बाहेर, हे विचारणारे फार असतात. इथे रोजच्या वापरात पँट बुटावरून सोडतात. सुंदर नळी कुणाला दिसत नाही याचं मला वाईट वाटतं, पण रीत तशी आहे.

नागपूरहून

एक शंका : तुम्ही ‘जोड’ लिहिलंत, काही ठिकाणी ‘जोडी’ दिसते. चपलांचा जोड, बुटांचा जोड हेच कानाला बरं लागतं. जोडी बैलांची, नवरा-बायकोची. आणि एकट्या बुटाला दुकानात ‘पाय’ म्हणतात, ‘डावा पाय दाखवा’. जमवणाऱ्यांच्या लेखात हा शब्द उपयोगी पडेल, जुन्या बुटांचा एकच पाय हाती लागणं होतच असेल.

प्रश्नकर्ती (ह्यूस्टनहून)

होतं तर! नक्षीवाला एकच उजवा पाय माझ्याकडे आहे. ‘जोड’ सगळीकडे करते. तळाच्या कडेने फिरणारी जी चामड्याची अरुंद पट्टी असते, जिच्यातून पुढा आणि तळ दोन्ही शिवले जातात, तिला काही म्हणता का? तळ झिजला की ती पट्टी शाबूत असेल तर नवा तळ लावता येतो, म्हणून तिच्याशिवाय लेख पुरा होत नाही.

कोल्हापूरहून

आमच्या कामात अशी पट्टी नाही, आम्ही तळ चामड्याच्या वादीने थेट शिवतो. बुटाचे दुरुस्तीवाले तिला काय म्हणतात ते उद्या बाजारात विचारून लिहितो. तोवर ‘कडेची पट्टी’ लिहा.