मदत हवी आहे: इन्सुलिन चालू, तरी एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) उतरत नाही, फार्मासिस्टने काय तपासावं?

बाह्यरुग्ण विभागाच्या औषधखिडकीवर टाइप २ मधुमेहाचे असे रुग्ण येतात: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड या गोळ्या आणि दोन वेळा ३०/७० इन्सुलिन (३० टक्के जलद, ७० टक्के मंद), पेनने. औषधं वेळेवर नेतात, तरी एचबीए१सी ९ टक्क्यांच्या वर. डोस वाढवण्यासाठी डॉक्टरांकडे पाठवण्याआधी १० मिनिटांत नेमकं काय बघावं?

निशिगंध:
पेन त्यांच्याच हातात द्या आणि रोज घेतात तसं करून दाखवायला सांगा. तोंडी विचारलं तर सगळेच 'बरोबर घेतो' म्हणतात. ३०/७० गढूळ असतं. तळव्यांत १० वेळा घोळवून, १० वेळा वरखाली करून ते एकसारखं दुधाळ दिसलं पाहिजे. नाही तर जलद आणि मंद भागाचं प्रमाण रोज बदलतं. मग २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघायचं. बटण पूर्ण दाबल्यावर १० अंक मोजेपर्यंत सुई आतच. सुई पेनवर तशीच ठेवली की काडतुसात हवा शिरते आणि डोस कमी जातो.

टोचण्याच्या जागा चाचपायलाच हव्यात. रबरासारखा फुगवटा लागला तर रुग्ण तिथेच टोचतोय, कारण तिथे दुखत नाही. तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. पण जागा बदलायला लगेच सांगू नका! चांगल्या त्वचेत तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर एकदम उतरते. आधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्नकर्ता:
आणि कुपी-सिरिंजवाले?

निशिगंध:
कुपीवरचा आकडा (एका मिलीलिटरमध्ये किती युनिट, ४० की १००) आणि सिरिंजवरचा आकडा जुळवा. ४० ची कुपी, १०० ची सिरिंज: २० च्या रेघेपर्यंत भरलं तरी जातात फक्त ८ युनिट. उलट झालं तर २० ऐवजी ५०, ते जिवावर बेतू शकतं.

सावली:
'डोस चुकवता का?' असं विचारू नका. 'गेल्या ७ दिवसांत किती डोस राहिले?' विचारा, आकडा मिळतो. राहिले असतील तर का, तेही. पुष्कळदा रात्री साखर उतरून घाम फुटलेला असतो, आणि त्या भीतीने माणूस संध्याकाळचं इन्सुलिन सोडतो. ग्लिमेपिराइडही साखर उतरवते, म्हणून ते जोडीला असताना ही शक्यता मोठी, आणि अशा वेळी डोस वाढवणं घातक. रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेलि च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे त्यांच्याकडून म्हणवून घ्या. अकार्बोज (मधुमेहाचीच एक गोळी) चालू असेल तर खायची साखर नव्हे, ग्लुकोजच. साखरेचं पचन ती गोळी लांबवते.

घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइड सुरू असेल तर न उतरणाऱ्या साखरेचं कारण तिथेच सापडेल. ते स्वतःहून बंद करू नका म्हणावं, डॉक्टरांच्या चिठ्ठीत मात्र नाव आणि डोस लिहा.